टाचणीसुद्धा हलवायची नाही

पुलाच्या मधोमध मावशी थांबली, ती दमली म्हणून नव्हे. चपलेत खडा गेला होता. कठड्याला टेकून तिनं चप्पल काढली, झटकली, पुन्हा पायात सरकवली आणि मागून धापा टाकत येणाऱ्या भाचीकडे बघत म्हणाली, "तुझ्या वयाची असताना एवढ्या वेळात मी दोन समन्स बजावून परत आले असते."

"माझ्या वयाची असताना तुला चालायचा पगार मिळत होता," भाची म्हणाली. "मला नुसत्या पोटऱ्या दुखायला मिळतायत. बस होती ना गं मावशी?"

"बसमध्ये विचार सुचत नाही. आणि त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, याचा मला विचार करायचाय."

तो माणूस म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा शिंपी. त्याचं चांगलं चालतं दुकान मावशीमुळे बंद पडलं होतं, आणि हे मावशीला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं. तेही मशीनच्या तेलावरून.

सकाळी मावशी देवाला हात जोडून उठते तोच शिंप्याची बायको दारात उभी. भाची तिथंच चहा पीत बसली होती. तिचं स्वतःचं वेगळं काम होतं, ते पुढं येईलच. शिंपीण आत आली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "मावशी, एक विचारायचं होतं. मशीनला तेल घातलं तर कोर्टाला चालेल का हो?"

मावशीला वाटलं, बाई थट्टा करतेय. "कोर्टाला काय करायचंय तुमच्या तेलाशी?"

"नाही, म्हणजे ते जैसे थे आहे ना. हे म्हणतात, तेल घातलं की मशीनच्या आत काहीतरी हलतं. आणि हलवायचं तर नाही ना काही."

मावशीला सगळं एकदम उमगलं. निवृत्त झाली तेव्हा कोर्टातल्या लोकांनी तिला बळंच भाषण करायला उभं केलं होतं. त्यानंतर तिचा चेहरा इतका उतरलेला भाचीनं आजच पाहिला.

झालं होतं ते असं. शिंपी आणि त्याचा मोठा भाऊ यांच्यात वडिलांच्या दुकानावरून खटला चालू होता. दुकान एकच. अर्ध्या भागात धाकट्याचं शिवणकाम, अर्ध्या भागात मोठ्याचं बटणं, दोरे, चेन, अस्तर यांचं काउंटर. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’. शिंप्याच्या वकीलबाईंनी कोर्टाच्या जिन्यात त्याला तेवढं सांगितलं आणि त्या दुसऱ्या खटल्याला धावल्या. शिंपी ते दोन शब्द पुडीत बांधल्यासारखे जपत दुकानात आला आणि मशीनवर बसला. तेवढ्यात मावशी तिथं टपकली, शिवायला दिलेले उशांचे अभ्रे न्यायला.

"मावशी, जैसे थे म्हणजे काय हो?" त्यानं विचारलं. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द दातांतून गाळून येत होते.

मावशीच्या हातात दुधाची पिशवी होती आणि डोक्यावर ऊन. दूध नासायच्या आत घरी पोचायचं होतं. ती म्हणाली, "सोपं आहे रे. जे जसं आहे ते तसं. कोर्ट पुढचं सांगेपर्यंत टाचणीसुद्धा इकडची तिकडे करायची नाही." पलीकडच्या काउंटरवर मोठ्या भावानंही ते ऐकलं.

शिंपी दचकला. "तोंडातल्या काढू ना?"

"त्या काढ रे बाबा!" असं म्हणून मावशी हसत हसत निघाली. माणूस विनोद करतोय असं तिला वाटलं. त्या शिंप्याला उभ्या जन्मात विनोद करता आलेला नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. ज्यांच्या दारी पिढ्यान् पिढ्या कोर्टाचा कागद आला नाही, त्या घरातला तो माणूस. कोर्टाचा शब्द म्हणजे त्याच्या लेखी दगडावरची रेघ. अभ्रेही दिले नाहीत त्यानं. घाईत मावशीच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्या दिवसापासून दुकानात पान हललं नव्हतं. आणि कपाटात कापून ठेवलेले एका शाळेचे गणवेश पडले होते. शिंप्याचं वर्षाचं मोठं काम तेच. मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला होता: शुक्रवारपर्यंत गणवेश आले नाहीत तर काम तयार कपड्यांच्या दुकानाला देणार, यंदाचंही आणि पुढचंही. आज बुधवार होता.

मावशीनं लगेच वकीलबाईंना फोन लावला. पलीकडून आधी हसू ऐकू आलं आणि मग, "अहो, कोर्टानं काम बंद ठेवा असं कुठं म्हटलंय?"

"ऐकलंस ना?" मावशी शिंपिणीला म्हणाली. "जा, सांग त्याला."

"माझं ऐकायचे नाहीत ते. काल मी केर काढताना नुसतं स्टूल सरकवलं, तर म्हणाले, तू मला तुरुंगात घालणार. ज्यांनी सांगितलं त्यांनीच येऊन सांगायला हवं." शिंपीण बसनं पुढं गेली, आणि मावशी पायी निघाली. भाची तिच्या मागं.

पूल संपला आणि गिरणीची गल्ली लागली. मावशीच्या चालण्याची एक तऱ्हा आहे. चालते ती सरळ रस्त्यानं, पण डोळे दारांवर असतात. कुठलं दार आतून बंद आहे, कुठलं नुसतं लोटलेलं आहे, कुठल्या पडद्याआडून कोण बघतंय, हे तिला चालता चालता दिसतं. सगळी नोकरी तिची बेलीफ म्हणून गेली. कोर्टाचे कागद घरोघर नेऊन द्यायचे, सही घ्यायची आणि पुढचं दार गाठायचं. लोक तिला समन्सबाई म्हणत. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की दारं धडाधड लागत. "मी घरी नाही," असं एका गृहस्थांनी स्वतः खिडकीतून ओरडून तिला सांगितलं होतं. "बरं," मावशी म्हणाली होती, "मग घरी आलात की सांगा, मी इथं पायरीवर बसते." तासाभरानं त्यांनी पायरीवर चहा पाठवला आणि मग सहीही केली.

पण नोकरीच्या सुरुवातीला एक प्रसंग घडला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं समन्स दिलं, सही घेतली आणि ती निघून आली. तारखेला ते कोर्टात आले ते बोचकं घेऊन. त्यात दोन जोडी कपडे, घोंगडी, दाढीचं सामान आणि देवाची छोटी तसबीर. बायकोचा निरोप घेऊन, शेजाऱ्यांच्या पाया पडून आले होते. त्यांना वाटलं होतं, कोर्टाचा कागद म्हणजे तुरुंगच. आणि भांडण होतं कशाचं, तर शेजाऱ्याच्या अंगणात जाणाऱ्या मोरीच्या पाण्याचं. व्हरांड्यात बोचक्यावर हात ठेवून बसलेले ते बाबा पाहिल्यावर मावशीनं ठरवलं, यापुढं कागदाबरोबर त्याचा अर्थही द्यायचा. तो देण्याचा पगार कुणी देत नव्हतं, पण देऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मग ती दारोदार अर्थ वाटत फिरायला लागली. समन्स म्हणजे काय? "बोलावणं. तुम्ही गुन्हा केलात असं त्यात लिहिलेलं नाही. तुमचंही ऐकायचंय, या, एवढंच." वादी म्हणजे? "ज्यानं आधी बोंब मारली तो. ज्याच्या नावानं मारली तो प्रतिवादी. खरा कोण, ते ठरायचंय अजून." एकतर्फी म्हणजे? "घरातल्या बैठकीला जो गैरहजर असतो, नेमकी त्याच्याच गळ्यात कामं पडतात ना? तसं. तुम्ही गेला नाहीत म्हणून कोर्ट तुमच्यासाठी थांबत नाही." एका नवऱ्यानं विचारलं, कॅव्हेट म्हणजे काय? तिनं सांगितलं, "मला हाक मारल्याशिवाय ताटं वाढू नका, असं आधीच स्वयंपाकघरात सांगून ठेवणं." त्याच्या बायकोनं आतून विचारलं, "आणि हाक मारूनही आले नाहीत तर?" मावशी म्हणाली, "तर ताट वाढलं म्हणून तक्रार करायची नाही."

जामीन, तहकुबी, उलटतपास, अपील, सगळ्यांना तिच्याकडे घरातलाच काहीतरी अर्थ होता. अपील म्हणजे धाकट्या काकांचा निवाडा पटला नाही म्हणून थोरल्या काकांकडे जाणं, पण रडत नव्हे, कुठं चुकलं ते दाखवत. मुखत्यारपत्र म्हणजे आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं. कुठल्या कपाटाची ते लिहा, नाहीतर सगळं घर उघडून बसेल.

आणि भाचीचं काम होतं ते हेच. मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या मासिक पत्रकात ती अधूनमधून लिहीत असे. यंदा वाचनालयाच्या बायका हट्ट धरून बसल्या होत्या: कोर्टाचे नेहमीचे शब्द आमच्यासारख्यांना कळतील असे दे. भाचीला वाटलं होतं, सकाळी जावं, चहा प्यावा, मावशी बोलेल ते उतरून घ्यावं, दुपारपर्यंत घरी. मावशी बोलली असती तर.

"त्या पत्रकात माझं एक अक्षर घालायचं नाही," मावशीनं गिरणीच्या गल्लीत जाहीर केलं.

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. एका माणसाला दोन वाक्यांत सांगितलं तर त्याच्या चुलीवर पाणी पडायची वेळ आली. तुझं पत्रक किती जण वाचतात?"

"फार नाही वाचत."

"देवाची कृपा," मावशी म्हणाली आणि भराभरा चालायला लागली.

मावशी गप्प राहणं म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं. आवाज नाही म्हणूनच लक्ष जातं. भाचीनं दोनदा विषय काढला, एकदा हवेचा आणि एकदा गुडघ्यांचा. दोन्हींचं उत्तर "हं". मग शाळेची भिंत लागली. फाटकावर ‘सोमवारी शाळा सुरू’ अशी पाटी होती. मावशीनं ती वाचली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. भाचीला वाटलं शिवी दिली. पण ती देवाचं नाव घेत होती.

दुकानापाशी पोचल्यावर मात्र दोघी रस्त्यातच उभ्या राहिल्या.

पायरीच्या एका टोकाला शिंपी बसला होता, दुसऱ्या टोकाला मोठा भाऊ, सगळे ज्याला बटणवाला म्हणत तो. दोघांच्या मधे शिंपिणीनं आणलेला डबा उघडा होता. शिंप्याच्या गळ्यात माप घ्यायची टेप लोंबत होती आणि बटणवाल्याच्या कानावर पेन्सिल. मागं दार सताड उघडं. मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर तशीच अडकलेली, टेबलावर कात्री आ वासून पडलेली, खडूचा तुकडा कापडावरच्या रेघेच्या शेवटी थांबलेला. हँगरला कुणाची तरी एका पायाची विजार. बटणांच्या कपाटापासून मशीनच्या चाकापर्यंत एका कोळ्यानं चांगलं ऐसपैस जाळं विणलं होतं.

"ही टेप गळ्यात कशाला?" मावशीनं विचारलं.

"हुकूम कळला तेव्हा गळ्यातच होती," शिंपी सावरून बसत म्हणाला. "तशीच ठेवलीय. झोपतोही घालूनच."

"आणि याची पेन्सिल?"

"तो काढतो का, तेच बघत बसलोय," शिंपी म्हणाला.

"आणि मी याची टेप बघत बसलोय," बटणवाला म्हणाला. "कोर्टात उगाच मला कुणी म्हणायला नको, यानं मोडलं नि तू गप्प बसलास म्हणून."

शिंपिणीनं कपाळाला हात लावला. "सकाळी येतात, दोघं इथं बसतात, अंधार पडला की जातात. आधी वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आता दिवसभर तेवढंच बघतात."

"जाळं मात्र हटवायला हवं होतं," भाची न राहवून म्हणाली.

"कोळी आमच्या खटल्यात पक्षकार नाही," शिंपी गंभीरपणे म्हणाला. "त्याला हुकूम लागू नाही. पण त्याचं जाळं तोडलं तर ते आम्ही हलवलं असं होईल."

‘पक्षकार’ हा शब्द त्याला कुणी शिकवला असेल, ते भाचीला विचारावं लागलं नाही. मावशीनं डोळे मिटले.

मग ती पायरीवर दोघांच्या बरोब्बर मधे, डबा मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "ऐका दोघं. माझं चुकलं. टाचणीचं मी आपलं बोलण्यात बोलले. काम बंद ठेवा असं कोर्टानं सांगितलेलं नाही. उठ, मशीन चालू कर."

शिंपी उठला नाही. त्यानं बटणवाल्याकडे पाहिलं, बटणवाल्यानं त्याच्याकडे. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं असावं, आणि ते मावशीच्या विरुद्ध.

"मावशी," शिंपी हळूच म्हणाला, "राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही म्हणालात टाचणीसुद्धा नाही. आज म्हणताय मशीन चालवा. उद्या कोर्टानं विचारलं तर मी कुठली मावशी सांगू?"

जिच्या शब्दावर लोक दार उघडत, तिला कुणीतरी असं विचारावं! भाचीला वाटलं, आता मावशी भडकणार. पण ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. कुठलीच सांगू नकोस. वकीलबाईंना सांग." तिनं फोन लावला, वकीलबाईंच्या कानावर गळ्यातल्या टेपसकट सगळं घातलं आणि आवाज मोठा करून फोन डब्याच्या झाकणावर ठेवला.

वकीलबाई कोर्टाच्या आवारातच होत्या; मागून कुणाच्या तरी नावाचा पुकारा ऐकू येत होता. त्यांनी सावकाश सांगितलं. दुकान विकायचं नाही. भाड्यानं द्यायचं नाही. मधे भिंत घालायची नाही, असलेली पाडायची नाही. एकानं दुसऱ्याला बाहेर काढायचं नाही, कुलूप बदलायचं नाही. तुमच्या हुकमात एवढंच आहे. "हुकूम झाला तेव्हा दुकानात शिवणकाम चाललं होतं ना? मग ते चालूच राहायचं. बंद करून तुम्हीच उलट, होतं ते बदललंत की हो!"

त्या हसल्या. पण शिंपी पांढराफटक पडला. "म्हणजे इतके दिवस मी हुकूम मोडत होतो?"

"नाही, नाही..."

"मी बंद ठेवलं. म्हणजे मी बदललं. म्हणजे बाई, मी कोर्टाचा अपमान..."

"अहो, तुम्ही स्वतःचंच काम थांबवलंत, त्यात कुणाचा अपमान नाही झाला," वकीलबाई म्हणाल्या. "मीच जिन्यात नीट सांगायला हवं होतं. आता जा आणि गणवेश शिवा. आणि ती टेप काढा गळ्यातली, मला मावशींनी सांगितलंय."

मावशीनं फोनकडे असं पाहिलं, जणू ती कधी काही सांगतच नाही.

शिंप्यानं टेप काढली. मानेवर तिचा वळ उठला होता. त्याच क्षणाला बटणवाल्यानं पेन्सिल काढली. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवून, एकदम, जणू कुणी एक-दोन-तीन म्हटलं होतं. शिंपिणीनं झाडू आणला. जाळं काढताना मावशी म्हणाली, "जा बाबा, तुझंही दुसरीकडे चालेल." शिंप्यानं मशीनच्या भोकांत तेल सोडलं, चाक हातानं फिरवलं, आणि अर्धी कॉलर पुढं सरकली.

पण गणवेशांना बटणं लागतात. बटणं पलीकडच्या कपाटात. ते कपाट मोठ्या भावाचं. मशीन थांबली. शिंप्यानं वर पाहिलं नाही, हाताशी नसलेली टेप उगाच गळ्यापाशी चाचपली. शिंपीण झाडू धरून उभी. शुक्रवार तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता. बाजारात जाऊन इतकी एकसारखी बटणं गोळा करायची तर त्यातच एक दिवस मोडणार.

बटणवाला बराच वेळ खाकरला. मग छताकडे बघून म्हणाला, "मावशी, वडील होते तेव्हा गणवेशांची बटणं या कपाटातूनच जायची."

"असं?" मावशी म्हणाली.

"म्हणजे, होतं ते चालू राहायचं, असं बाई आत्ता म्हणाल्या ना? मग कोर्टाचाच हुकूम झाला म्हणायचा. माझ्या मनात नसलं तरी मला द्यायला लागतील."

मावशीनं तोंड उघडलं. तिला काय म्हणायचं होतं, ते भाचीला कळलं. हुकूम झाला त्या दिवशी जे होतं ते चालू राहायचं, वडिलांच्या काळातलं नव्हे; आणि त्या दिवशी बटणं देणं बंदच होतं. कायद्यानं बघायला गेलं तर बटणवाल्याचं म्हणणं साफ चुकलेलं होतं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मशीनवर वाकलेल्या शिंप्याकडे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं. आजवरच्या आयुष्यात तिनं चूक दुरुस्त न करता सोडली असेल, तर ही एकच असावी.

बटणवाल्यानं कपाट उघडलं. गणवेशाची बटणं असलेला डबा काढला, भावाच्या टेबलावर आपटला आणि म्हणाला, "पांढरी आहेत. मोजून घे, नंतर कोर्टात कमी होती म्हणशील."

"तूच मोज. तुझ्या मोजण्यावर माझा विश्वास नाही, पण माझ्या मोजण्यावर तुझा त्याहून नाही."

"तुझ्या तर कापण्यावरही नाही. ती विजार कुणाची? एकच पाय लावलायस."

"दुसरा लावायला गेलो तेव्हा हुकूम कळला!"

मशीन पुन्हा घरघरायला लागली. शिंपिणीनं मावशीचे अभ्रे शोधून, झटकून हातात दिले. निघताना शिंप्यानं मशीन न थांबवताच विचारलं, "मावशी, तडजोड म्हणजे काय हो? वकीलबाई मागं एकदा म्हणाल्या होत्या. सहज विचारतोय."

बटणवाला बटणं मोजत होता. त्याचे ओठ हलायचे थांबले.

मावशीही थांबली. नेहमीची मावशी असती तर एव्हाना एखादा झकास दाखला देऊन मोकळी झाली असती. ही मावशी पायरीवर पुन्हा बसली. दूध नव्हतं आज हातात. "तडजोड म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "दोघांनी आपापसांत ठरवायचं, ते लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या आणि कोर्टापुढं ठेवायचं. कोर्टानं ते मान्य केलं की निकालासारखंच दोघांना पाळावं लागतं. आता तडजोड म्हणजे काय नाही, तेही ऐक. कुणी हरलं असं नाही. उद्यापासून गळ्यात गळे घालायचे असंही नाही. आणि आज बटणं दिली, झाली तडजोड, असं तर मुळीच नाही. लिहिण्याआधी दोघांनी आपापल्या वकिलांना विचारायचं. काय कळलं, सांग बघू मला."

शिंप्यानं सांगितलं. निम्मं बरोबर सांगितलं. राहिलेलं निम्मं बटणवाल्यानं, कुणी विचारलं नसताना, दुरुस्त केलं.

परत येताना ऊन कलायला लागलं होतं. शाळेच्या फाटकापाशी मावशीनं अभ्रे या काखेतून त्या काखेत घेतले आणि म्हणाली, "तुझ्या पत्रकाचं काय म्हणत होतीस?"

"मी कुठं काय म्हणत होते? एक अक्षर घालायचं नाही म्हणालीस ना."

"लाडात येऊ नकोस. घाल. पण माझं एक ऐकशील?"

"सांग की."

"प्रत्येक शब्दाला दोन गोष्टी लिही. तो शब्द म्हणजे काय, आणि तो शब्द म्हणजे काय नाही. मी आयुष्यभर पहिलीच सांगत आले. त्या बोचकंवाल्या बाबांना दुसरीच हवी होती, बघ. समन्स म्हणजे तुरुंग नाही, एवढंच."

भाचीनं मान हलवली. आपलं काम झालं, अशा आनंदात ती दोन पावलं पुढं गेली, तर मावशी मागंच उभी.

"आणि छापायच्या आधी," मावशी म्हणाली, "वकीलबाईंना दाखव, बरोबर आहे का ते बघायला. पण त्याच्या आधी त्या शिंप्याला वाचून दाखव. त्याच्यासमोर बस, एकेक शब्द वाच, आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐक. त्याला जिथं जिथं उलटं कळेल, तिथं तिथं पुन्हा लिही. एवढं करशील ना माझ्यासाठी?"